न भाजलेले शिंपले

गणपतीच्या आधी घराला रंग काढायला माणूस येतो, तसा तो या वर्षीही आला. ओटीवरची भिंत पत्र्याच्या तुकड्याने खरवडायला लागला आणि एकावर एक बसलेले थर सुटून खाली पडू लागले. सगळ्यांत वर डब्यातला रंग, त्याखाली पिवडीचा पिवळा, त्याखाली नीळ घातलेला निळसर पांढरा आणि अगदी आत, जांभ्याला धरून राहिलेला, नुसता पांढरा. त्या शेवटच्या थराचा पापुद्रा त्याने बोटांत चुरून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा शिंपल्यांचा चुना. असला आता मिळत नाही."

मला ते माहीत होतं. तो चुना माझ्या आजोबांनी भाजलेला होता.

आंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे हर्णैला जायचं तर तरीत बसावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या काठाला आमची चुन्याची भट्टी होती. जांभ्या दगडाचं कंबरभर उंचीचं गोल कुंड आणि खाली वाऱ्यासाठी ठेवलेलं तोंड, एवढंच तिचं रूप. ओहोटीला बायका चिखलातून कालवांची, तिसऱ्यांची टरफलं पाट्या भरभरून आणीत. ती धुऊन वाळवायची, मग भट्टीत एक थर लाकडाचा आणि भाताच्या तुसाचा, एक थर शिंपल्यांचा, असं रचत जायचं. पेटवलं की दिवस-रात्र जळत राही. थंड झाल्यावर आतून निघे तो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की तो फुत्कार टाकत उकळे, आणि आम्हा पोरांना आजी हाताला धरून लांब नेऊन उभी करी.

आजोबांची एक गोष्ट मला तेव्हापासून सतावत होती. भट्टीत जाताना पाटी दोघांनी उचलावी लागे आणि भाजून निघालेली तीच पाटी एकटी बाई सहज डोक्यावर घेई. आकार तोच, शिंपलाही ओळखू येई इतका शाबूत, मग वजन गेलं कुठे? आजोबांना विचारलं तर म्हणाले, "त्याचा जीव जातो, बाय."

पुढे रसायनशास्त्र शिकले तेव्हा हिशेब कळला. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. १०० किलो भाजलं की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. आजोबांनी ज्याला जीव म्हटलं तो हा ४४ किलोंचा वायू. त्यातला कार्बन आणि त्यातला ऑक्सिजन त्या कालवाने खाडीच्या पाण्यातून, भरती-ओहोटीच्या येण्याजाण्यात, कणाकणाने गोळा केलेला होता. भट्टीच्या धुराबरोबर तो उडून गेला, आणि त्या वायूत काय लिहिलेलं होतं ते वाचायला तिथे कुणी नव्हतं.

"लिहिलेलं" हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी दोन महिने मला एका प्रयोगशाळेत काम करायला मिळालं. काम म्हणजे चिखल धुणं. अरबी समुद्राच्या तळातून नळी खुपसून काढलेला गाळाचा स्तंभ, त्याची सेंटीमीटरभर जाडीची चकती, ती पाण्यात भिजवायची आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवायची. बारीक चिखल वाहून जातो. वर राहते ती चिमूटभर पांढरी वाळू. ती वाळवून काळ्या तबकडीत पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वाळूचा एकही दाणा त्यात नव्हता. सगळी घरं होती. कुठे तीन-चार फुगे एकमेकांना बिलगलेले, कुठे मोहरीच्या दाण्यासारखा गुळगुळीत गोल, कुठे गोगलगायीसारखा वळसा, आणि प्रत्येकाच्या भिंतीला सुईच्या टोकाहून बारीक भोकं.

हे फोरॅमिनिफेरा. एकाच पेशीचा जीव, पण अंगाभोवती चुन्याचं घर बांधणारा. यातले बरेचसे तळाशी राहतात. काही जाती मात्र पाण्यातच तरंगत जगतात, त्या प्लवकांमधल्या. फ्रान्सच्या अल्सिद दोर्बिन्यी यांनी १८२६ साली या गटाला नाव दिलं तेव्हा त्यांना हे माकुलाच्या कुळातले चिमुकले प्राणी वाटले होते. हा एकपेशीय जीव आहे हे फेलिक्स द्युजार्दां यांनी १८३५ मध्ये ओळखलं. इतकं देखणं घर आणि आत राहणारा मुळात एक थेंब, हे पटायला कुणालाही वेळ लागेल.

ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक घर उचलून वेगळं ठेवायचं, हे माझं काम. श्वास जोरात सुटला तरी सकाळची मेहनत तबकडीबाहेर जायची. दिवसाला शेकडो वेचत होते आणि कंटाळा म्हणून आला नाही. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला शिंपले वेचायची सवय असतेच. इथे ते फक्त अर्ध्या मिलिमीटरचे होते.

त्यांच्या आयुष्याबद्दल जे वाचत गेले त्यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटली. हॅस्टिजेरिना पेलॅजिका नावाची एक जात आहे. तिची पुढची पिढी जन्माला येते ती पौर्णिमा उलटल्यावर थोड्याच दिवसांत, महिन्याच्या महिन्याला. तेव्हा तो एक जीव स्वतःला पूर्णपणे वाटून टाकतो, असंख्य सूक्ष्म बीजपेशी पाण्यात सुटतात आणि मागे उरतं ते रिकामं घर. ते बुडू लागतं. आमच्याकडे उधाण आणि भांग तिथीवर मोजतात, जाळी टाकायची वेळ त्यावर ठरते. खोल समुद्रात ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, असा एक थेंबही चंद्राची तिथी पाळतो, हे वाचलं त्या रात्री मी आईला पत्र लिहिलं होतं.

रिकामी घरं तळाशी जातात आणि साचत राहतात. भर समुद्रात हजार वर्षांत काही सेंटीमीटर, इतक्या सावकाश. पण समुद्राला घाई नाही. २०१५ मध्ये 'जॉइडीस रेझोल्यूशन' हे जहाज आपल्या किनाऱ्यापासून चार-पाचशे किलोमीटर पश्चिमेला, लक्ष्मी नावाच्या समुद्रतळावरच्या खोऱ्यावर उभं होतं. साडेतीन हजार मीटरहून अधिक पाण्याखाली जाऊन त्याने तळात ११०० मीटर खोल छिद्र पाडलं आणि त्यातून लाखो वर्षांचा गाळ वर आणला. नकाशात ती जागा पाहिली तेव्हा मी हर्णैच्या बंदरावरून पश्चिमेला नजरेने एक रेघ ओढून बघितली.

आता त्या लिहिलेल्याबद्दल. ऑक्सिजनचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक १६ वजनाचे, पण सुमारे ५०० मध्ये एक १८ वजनाचा, जड. पाण्यात चुन्याचं घर बांधताना पाणी जितकं गार तितके जड अणू घरात थोडे जास्त बसतात. फरक अगदी थोडा, एका अंशाला दहा हजारांत दोनच्या आसपास. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये हे गणित मांडलं आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये समुद्रतळाच्या फोरॅमिनिफेरांवरून हिमयुगांचं चढउताराचं चित्र काढलं. निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये त्यात मोलाची दुरुस्ती केली: हा सगळा फरक तापमानाचा नाही. हिमयुगात हलकं पाणी वाफ होऊन बर्फात अडकतं, समुद्रात जड पाणी उरतं, आणि शंखातल्या खुणेचा मोठा भाग त्या बर्फाचा असतो. २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. म्हणजे सुवर्णदुर्ग आज ज्या पाण्यात उभा आहे तिथे तेव्हा कोरडी जमीन होती आणि पुळण कितीतरी कोस पश्चिमेला.

पण हे मोजतात कसं, ते पाहिलं तेव्हा मला भट्टीच आठवली. वेचलेले शंख काचेच्या नळीत घालतात, त्यावर फॉस्फोरिक आम्ल सोडतात, बुडबुडे येतात आणि शंख विरतो. जो वायू निघतो तो कार्बन डायऑक्साइड. तो थेंबभरही न सांडता यंत्रात नेऊन त्यातले हलके आणि जड अणू मोजतात. आजोबांच्या भट्टीत राख-धुराबरोबर जे गेलं तेच इथे जपून पकडलेलं. मी त्या यंत्रासमोर उभी होते आणि मला आजोबांचा "जीव जातो" हा शब्द जसाच्या तसा ऐकू आला. जीव जात होता खरा, पण या वेळी तो सांगून जात होता.

तापमान कळणं मोठंच आहे. मला त्याहून ओढ लावली ती दुसऱ्या प्रश्नाने: त्या समुद्रात जगणं कसं होतं? कोण वरच्या उन्हात राहायचं, कोण खाली काळोखात, कोण कुणाच्या आधाराने? हाडं-दात असलेल्या प्राण्याचं पोट, पाय, जबडा पाहून काहीतरी सांगता येतं. एका पेशीच्या रिकाम्या घराकडून काय कळणार? तर त्याच ऑक्सिजनच्या खुणेवरून कळतं की एका चकतीत शेजारी-शेजारी पडलेल्या दोन जातींपैकी एक ऊबदार पृष्ठभागावर जगली आणि दुसरी गार खोलीत. कार्बनच्या खुणेवरून तर याहून सुंदर गोष्ट कळते. आजच्या काही फोरॅमिनिफेरांच्या अंगाखांद्यावर सूक्ष्म शैवालं राहतात, उन्हात अन्न करतात आणि घरमालकाला देतात. शैवालं हलका कार्बन आधी उचलतात, त्यामुळे घराला जड कार्बन जास्त मिळतो, आणि घर जसं मोठं होत जातं, शैवालांची संख्या वाढते, तशी ही खूण ठळक होत जाते. पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या मोरोझोव्हेला आणि अकारिनिना या गटांच्या लहान-मोठ्या शंखांमध्ये हीच चढती खूण सापडते. दोन्ही गट नष्ट झाले. शैवालाचा तर मागमूस उरायचं कारणच नव्हतं. तरीही ते दोघं एकत्र राहत होते हे आज सांगता येतं. मला पुराव्याचा याहून हळवा प्रकार ठाऊक नाही.

हर्णैला माझ्या ओळखीचे एक तांडेल आहेत. वय सत्तरीच्या पुढे, आता बोटीवर जात नाहीत, पण संध्याकाळच्या लिलावाला बंदरावर येऊन बसतात. मागे एकदा मी मासळी घ्यायला गेले असताना ते म्हणाले, "बाय, पाऊस सरता-सरता आमचं तळाचं पाणी मरतं. वर बांगडा उड्या मारतो नि खालचं जाळं रिकामं येतं. थोडे दिवस असतं. मग वारा फिरला की पाणी जितं होतं."

त्यांचं पाणी मरतं म्हणजे काय, ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मोजून ठेवलेलं आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्याचा एक जाड थर असा आहे की त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. उत्तरेला आशियाची भिंत, त्यामुळे ताजं पाणी सहज येत नाही. आणि वर मोसमी वाऱ्यांमुळे प्लवकांचं पीक इतकं दांडगं की त्याचे मेलेले कण खाली कुजताना असलेला प्राणवायूही संपतो. पावसाच्या दिवसांत हे गुदमरलेलं पाणी उतारावरून वर सरकत आपल्या किनाऱ्यालगत येतं. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की इथल्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या शेवटी प्राणवायूचा अभाव अधिक तीव्र होत चालला आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणावर तयार होतो आहे. तांडेलकाकांनी हा निबंध वाचलेला नाही. त्यांचं जाळं तिथपर्यंत पोचलेलं आहे.

प्राणवायू संपला की काही जीवाणू नायट्रेट, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं संयुग, वापरून श्वास घेतात. नायट्रोजनचेही दोन अणू: १४ वजनाचा नेहमीचा, आणि १५ वजनाचा, हजारात जेमतेम चार. जीवाणू हलका नायट्रोजन आधी संपवतात, जड मागे उरतो. ते उरलेलं पाणी पुढे वर येतं, त्यावर शैवाल वाढतं, ते फोरॅमिनिफेरा खातो, आणि घर बांधताना त्याच्या प्रथिनांचा एक अंश चुन्याच्या आत चिणला जातो. बाहेरच्या चिखलातला नायट्रोजन बदलतो, सडतो. आतला हा कण सुरक्षित राहतो. कितीही वर्षं. जड नायट्रोजन जास्त मिळाला तर समजायचं, तेव्हा खाली पाणी गुदमरलेलं होतं.

हे मोजायची रीत प्रिन्स्टनच्या डॅनियल सिगमन यांच्या प्रयोगशाळेत घडली. शेकडो शंख फोडून, बाहेरचा सगळा मळ रसायनांनी काढून, मग आम्लात विरवायचे, आत चिणलेल्या नायट्रोजनचं नायट्रेट करायचं आणि ते जीवाणूंना खाऊ घालायचं. हे जीवाणू त्याचं नायट्रस ऑक्साइड करून थांबतात, आणि तो वायू यंत्रात जातो. समुद्राच्या गुदमरलेल्या थरात जे जीवाणू राबतात त्यांचेच व्यवसायबंधू इथे काचेच्या बाटलीत राबतात. एका जीवाणूने लाखो वर्षांपूर्वी ठेवलेली खूण दुसरा जीवाणू आपल्यासाठी उलगडतो, यावर मी पुष्कळ वेळ थांबले आहे.

आणि उत्तर काय येतं? इथे मन अडखळतं. गेल्या हिमयुगातल्या गाळावरून दिसतं की उत्तर अटलांटिकात कडाक्याची थंडी पडली की अरबी समुद्राचा श्वास मोकळा व्हायचा, ऊब आली की पुन्हा कोंडायचा. म्हणजे ऊब वाईट. पण २०२२ मध्ये माइन्झच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या अलेक्झांड्रा ऑडरसेट आणि सहकाऱ्यांनी शंखात चिणलेला नायट्रोजन कोट्यवधी वर्षं मागे जाऊन मोजला, तर पाच कोटी आणि दीड कोटी वर्षांपूर्वीच्या, आजच्याहून कितीतरी गरम काळात भर समुद्रातले हे गुदमरलेले पट्टे आकसलेले निघाले. पुढच्याच वर्षी आन्या हेस यांच्या कामातून पूर्व प्रशांत महासागराबद्दल तसंच दिसलं.

मग आपण निर्धास्त व्हायचं का? मला तसं वाटत नाही, आणि हे मी ठामपणे म्हणते. ती ऊब लाखो वर्षं टिकलेली होती. वारे, प्रवाह, खोल पाण्याचं अभिसरण सगळं तिच्याशी जुळवून घेऊन बसलेलं होतं. आपली ऊब दीड-दोन शतकांची आहे. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात समुद्र सावरतो, हे खरं असेलही. तांडेलकाकांच्या नातवाने गेल्या वर्षी बोटीसाठी कर्ज काढलं आहे. त्याचे हप्ते त्या हिशेबात बसत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांमध्ये निम्मी दर्यावर्दी घरांतली असतात. त्यांना मी दोन्ही उत्तरं सांगते आणि दोन्हींमधलं अंतरही सांगते.

शंख खोटं बोलत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण त्याची साक्ष बदलू शकते. बरीच वर्षं एक कोडं होतं: जुन्या गरम युगांत ध्रुवांकडे ऊब असल्याचे पुरावे सापडत, पण विषुववृत्ताजवळचे शंख मात्र समुद्र गार असल्याचं सांगत. पॉल पिअरसन आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या चिकणमातीत काचेसारखे पारदर्शक राहिलेले शंख शोधले आणि २००१ मध्ये कोडं सोडवलं. इतर ठिकाणचे शंख बाहेरून शाबूत दिसत होते, पण तळाशी पडल्यावर त्यांचा चुना हळूहळू विरघळून तिथल्या गार पाण्यात पुन्हा घट्ट झाला होता. घर तेच, आकार तोच, पण विटा नंतरच्या. साक्ष तळाच्या पाण्याची झाली होती.

ओटीवर पडलेले पापुद्रे मी वर्तमानपत्रात गोळा करत होते तेव्हा माझ्या मनात हेच चाललं होतं. भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करते. तोच भिंतीवर महिनोन्महिने चालतो. रसायनाच्या भाषेत आमची भिंत म्हणजे पुन्हा शिंपलाच. पण त्यातला कार्बन खाडीचा नाही. तो त्या वर्षाच्या हवेचा आहे. त्यात आजीच्या चुलीचा धूर असेल, ओटीवर बसलेल्या माणसांचे उच्छ्वास असतील, अंगणातल्या आंब्या-फणसांनी सोडलेला थोडाफार वायू असेल. जुन्या इमारतींचं वय या चुन्यातल्या कार्बनवरून काढतात, ते त्यामुळेच. भिंतीला आठवतं ते घर. खाडी तिला आठवत नाही.

दुपारी मी खाडीवर गेले. भट्टीचं कुंड अजून आहे, अर्धं ढासळलेलं, आतून करंज उगवलेला. शेवटची भट्टी १९७८ च्या उन्हाळ्यात लागली. त्यानंतरचीही एक खेप जमवलेली होती, पण आजोबा अंथरुणाला खिळले, पाऊस आला आणि ती भाजायची राहून गेली. तो ढीग तिथेच असणार हे मला आजवर कसं सुचलं नाही, कोण जाणे. करंजाच्या मागे गवत बाजूला केलं तर वीतभर मातीखाली होता. कालवांची टरफलं, जाड, एकावर एक थर चढवत वाढलेली. वरची पावसाने खडबडीत झालेली, पण मधली फोडून पाहिली तर आत चकाकी होती.

सगळी काही त्याच वर्षी जगलेली नसतील. बायका चिखलातून जुनी, मेलेलीही उचलत. आणि पंचेचाळीसहून अधिक पावसाळ्यांच्या पाण्याने त्यांचं काय केलं असेल, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. तरी मी ढिगाच्या अगदी तळातली, मातीने घट्ट धरलेली बारा टरफलं निवडली. खाडीच्या पाण्यात धुणार होते, मग हात आवरला. आजच्या पाण्याचा स्पर्श नको. तशीच मातीसकट कागदी पिशवीत ठेवली आणि पिशवीवर शिसपेन्सिलीने लिहिलं: आंजर्ले खाडी, भट्टीमागचा ढीग, तळचा थर, १९७८ किंवा त्याआधीचे. न भाजलेले.